पालीच्या काचपेटीत किडे झाले तर…

प्रश्न : मुलीने क्रेस्टेड गेको जातीची पाल पाळली आहे. 45 × 45 × 60 सेंटिमीटरच्या काचपेटीत कोकोपीट, पालापाचोळा आणि दोन जिवंत रोपं आहेत. आठवड्यापासून मातीत बारीक पांढरे किडे दिसताहेत, काचेवर काळी चिलटंही बसतात. फवारणी करू की सगळं उपसून टाकू? – एक वाचक, लेस्टर, इंग्लंड

उत्तर : फवारणी अजिबात नको. ही पाल काचेवरचे, पानांवरचे थेंब चाटून पाणी पिते, म्हणजे तुम्ही जे फवाराल ते तिच्या पोटात जाणार. डांबराच्या गोळ्याही पेटीजवळ नकोत. उपसायचीही घाई करू नका, आधी किडा ओळखा.

चिमूटभर माती काळ्या कागदावर घ्या आणि हलकी फुंकर मारा. एक-दोन मिलिमीटरचे पांढरे जीव टणकन उडाले तर ते स्प्रिंगटेल. बुरशी आणि विष्ठा खाऊन ते पेटी स्वच्छच ठेवतात. लोक ते विकत आणून सोडतात. त्यांना राहू द्या. न उडता संथ सरकणारे गोल ठिपके खाण्याच्या वाटीभोवती दाटले असतील, तर ते बुरशीवर आणि शिळ्या अन्नावर जगणारे माइट (जाळं विणणारे कोळी नव्हेत, ठिपक्याएवढे जीव). पाण्यात कालवलेलं खाणं रात्री ठेवा, सकाळी काढा, वाटी गरम पाण्याने धुवा आणि मातीवर न ठेवता पेटीच्या भिंतीवरच्या फळीत बसवा. अन्न तुटलं की ते आपोआप कमी होतात.

चिलटांचा मात्र बंदोबस्त करायलाच हवा. त्यांच्या अळ्या काळ्या डोक्याच्या, अर्धपारदर्शक असतात आणि वरच्या दोन-तीन सेंटिमीटर ओल्या मातीत वाढतात. अंड्यापासून चिलटापर्यंत साधारण तीन ते चार आठवडे लागतात, त्यामुळे उडणारी चिलटं मारत बसलात तर हे कधीच संपणार नाही. मातीचा वरचा थर दोन पाण्यांच्या मधे सुकू द्या. मूठभर माती दाबल्यावर पाणी ठिबकलं तर ती फार ओली आहे. रात्री आर्द्रता 80 टक्क्यांपर्यंत जाऊ द्या, दिवसा 50-60 वर उतरू द्या. तळाला चार-पाच सेंटिमीटर भाजक्या मातीच्या गोळ्यांचा थर, त्यावर जाळी आणि मग माती अशी रचना नसेल तर करून घ्या. खाली साचलेलं पाणी मातीला टेकता कामा नये. सोबत बीटीआय हे जिवाणूजन्य अळीनाशक वेष्टनावरच्या प्रमाणात पाण्यात मिसळून फक्त मातीत ओता, आठवड्यातून एकदा, चार आठवडे. दुसऱ्या आठवड्यात चिलटं दिसली म्हणून मधेच सोडू नका.

पिवळे चिकट सापळे पेटीच्या बाहेर, हवेच्या जाळीजवळ लावा. आत कधीही नाही. पाल चिकटलीच तर ओढू नका, खायचं तेल थेंबथेंब सोडत सोडवा. घाबरली की ती शेपूट टाकते, आणि क्रेस्टेड गेकोची शेपूट पुन्हा येत नाही.

प्रश्न : पालीच्या अंगावरच काळे-लाल ठिपके हलताना दिसले तर?

उत्तर : मग ते रक्त पिणारे माइट असू शकतात. डोळ्यांच्या कडा, कानाची भोकं, काखा आणि बोटांच्या बेचक्या भिंगाने बघा. पाल साध्या प्लास्टिकच्या खोक्यात कागदी टॉवेलवर ठेवा, टॉवेल रोज बदला आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे न्या. इथे मात्र माती, साली, लाकूड सगळं फेकायचं, कारण अंडी फटींत राहतात. कुत्र्या-मांजरांचं गोचिडांचं औषध लावू नका. पालीच्या जिवावर बेतू शकतं.

प्रश्न : पालीने न खाल्लेले क्रिकेट (खाऊ म्हणून सोडलेले जिवंत रातकिडे) पेटीत राहिले तर चालतं का?

उत्तर : नाही. झोपलेल्या पालीची कातडी ते कुरतडतात आणि मातीत अंडी घालतात. पंधरा मिनिटांत संपतील तेवढेच सोडा. लपलेल्यांसाठी रात्री गाजराची चकती ठेवा. पहाटे दिवा लागायच्या आधी त्यावर जमलेले चिमट्याने उचला.