वावरात जंगल लावतोस, तर आधी हे ऐक

भाऊ, झाडं हवेतला कार्बन साठवतात म्हणून जी कार्बन क्रेडिटं विकता येतात, त्या पैशावर पोरीच्या लग्नाची तारीख काढू नको. एक क्रेडिट म्हणजे १ टन कार्बन डायऑक्साइड, आणि तो झाडात साठायला वर्षं लागतात. सुरुवातीची चार-पाच वर्षं नुसता खर्च.

सातबारा आधी काढ, हिस्सेदारांच्या सह्या घे. गेल्या १० वर्षांत तिथलं जंगल तोडलेलं नाही, हे बहुतेक क्रेडिट योजनांत दाखवावं लागतं. धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा, जुना मोह क्रेडिटच्या मोजणीत धरत नाहीत. क्रेडिटवाल्यांशी करार तीस-चाळीस वर्षांचा असू शकतो, पोरालाही वाचायला लाव.

नुसता साग नको. ऐन, धावडा, बेहडा, चारोळी, नाल्याकाठी अर्जुन लाव. पळस आपोआप फुटतो, तो उपटू नको. खड्डे मे महिन्यात, रोपं मात्र जमीन चांगली भिजल्यावरच. मी पहिल्याच सरीला लावली, मग पंधरा दिवस उघाड, अर्धी गेली.

रोही (नीलगाय) शेंडे खातो, पण खरी भीती वणव्याची. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, ठिणगी तुझ्याकडे येते. होळीच्या आत जाळरेषा काढ, म्हणजे आग आत येऊ नये म्हणून कडेचा पट्टा साफ कर, आणि वेचणाऱ्या बायांशी आधीच बोलून ठेव.