पाठलाग संपतो, पण गाडी ओळखीची राहते

प्रश्न : ‘नीड फॉर स्पीड : मोस्ट वाँटेड’ या २००५ सालच्या मोटार शर्यतीच्या व्हिडिओ खेळात पोलिसांना चुकवले, तरी पुढच्या वेळी ते अधिक त्वेषाने मागे का लागतात?

उत्तर : या खेळात पोलिसांचा रोष चालकापेक्षा त्या विशिष्ट गाडीवर साठत जातो, पाठलाग लांबला की तिची ‘हीट’ (पोलिसांच्या रोषाची) पातळी चढते आणि रस्ताबंदी, टायर फोडणाऱ्या खिळ्यांच्या पट्ट्या, अंगावर येणाऱ्या जड एसयूव्ही असे अडथळे वाढतात. त्यामुळे ती गाडी काही काळ गॅरेजमध्ये ठेवून दुसरी चालवावी किंवा तिचा रंग आणि बाह्यरूप बदलावे, म्हणजे पातळी उतरते. केवळ वेगावर विसंबणे मला चुकीचे वाटते. नकाशावर खूण केलेली, धडकेने कोसळणारी बांधकामे मागच्या गाड्यांवर पाडावीत आणि नजरेआड होताच लपण्याच्या जागी थांबावे.