शंका-समाधान : चिकातलं औषध जठरातून सुटतं का?

प्रश्न : सांधेदुखीच्या गोळ्यांनी जठराचं अस्तर दुखावलंय. गायीच्या चिकाच्या कॅप्सूलमधले ‘ग्रोथ फॅक्टर’ (वृद्धिघटक, म्हणजे पेशींना वाढायला लावणारी प्रथिनं) ते भरून काढतात, असं डब्यावर छापलंय. पोटातल्या ॲसिडमध्ये ते उरतात का? आणि मग खरवसच खाल्ला तर?

उत्तर : थोडे उरतात. तोडण्याचं काम मुख्यतः पेप्सिन हे जठरातलं प्रथिनं पचवणारं एन्झाइम करतं. ॲसिड त्याला जागं करतं. पीएच 2 च्या आसपास पेप्सिन जोरात असतं, 4 च्या वर बरंच मंदावतं. आपल्याच लाळेतून रोज पोटात जाणारा ईजीएफ (एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर) हा वृद्धिघटक घ्या. 53 अमिनो आम्लांची ही साखळी गंधकाच्या तीन बंधांनी घट्ट आवळलेली असते, म्हणून तिचा चुरा होत नाही. आम्लधर्मी जठररसात तिच्या शेवटची 4 आम्लं छाटली जातात. उरलेली 49 ची साखळी काम करते, पण कमी जोमानं. टीजीएफ-बीटा या दुसऱ्या वृद्धिघटकाचं उलट आहे. दुधात तो बराचसा निष्क्रिय रूपात असतो आणि ॲसिडमुळेच मोकळा होतो.

खरी कत्तल पुढे, लहान आतड्यात ट्रिप्सिन-कायमोट्रिप्सिनकडून होते. पोट रिकामं असेल तर वृद्धिघटक तिथे लवकर संपतात. सोबत केसिन, म्हणजे दुधातलं मुख्य प्रथिन असेल, तर ही एन्झाइम्स त्यात गुंततात आणि ईजीएफ जास्त वेळ टिकतो. त्यामुळे कॅप्सूल घ्यायचीच असेल तर ‘अनशापोटी’ हा सल्ला इथे उलटा आहे. दूध किंवा दहीभातासोबत घ्या. दुधाची ॲलर्जी असेल तर अजिबात नको.

आणखी एक अडचण डब्यावर कोणी छापत नाही. ईजीएफ जिथे चिकटतो ते ग्राहक (रिसेप्टर) प्रामुख्यानं पेशींच्या आतल्या अंगाला असतात, अन्नाच्या बाजूला नाही. अस्तर फाटलेलं असेल तिथेच तो पोचतो. धडधाकट माणसानं ‘पोटाच्या ताकदीसाठी’ रोज घेण्यात आम्हाला अर्थ दिसत नाही.

खरवसाचं म्हणाल, तर पहिल्या दिवसाचा चीक विरजणाशिवाय घट्ट होतो तो उष्णतेनं त्यातली प्रथिनं गोठतात म्हणून, आणि त्यांत प्रतिपिंडंही असतात. वीस-पंचवीस मिनिटं वाफवल्यावर ती निकामी होतात. वेलदोडा-गुळाचा खरवस आवडीनं खा, औषध म्हणून नको. कच्चा चीक तर पिऊच नका. ब्रुसेलोसिसची, म्हणजे जनावरांकडून माणसाला होणाऱ्या जंतुसंसर्गाची, भीती असते.

तुमचं दुखणं गोळ्यांनी प्रोस्टाग्लँडिन, म्हणजे जठराचं अस्तर जपणारं द्रव्य, घटल्यामुळे आहे. गोळी बदलता येईल का, हे आधी डॉक्टरांना विचारा. शौच डांबरासारखं काळं होत असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

प्रश्न : मग ओमेप्राझोल घेऊन ॲसिड कमी केलं तर ईजीएफ शाबूत राहील?

उत्तर : जठरात राहतो, हे खरं. आतड्यातलं ट्रिप्सिन मात्र जागच्या जागी असतं. केवळ यासाठी गोळी घेऊ नका. वर्षानुवर्षं घेतल्यास बी-12 आणि मॅग्नेशियम घटू शकतं. व्रणासाठी डॉक्टरांनी दिलीच असेल तर जेवणाआधी अर्धा तास घ्या. जेवणानंतर घेतली की तिचा जोर कमी पडतो, आणि ‘गोळी लागू पडत नाही’ अशी तक्रार होते.

प्रश्न : तान्ह्या बाळाला आईच्या दुधातले हे घटक मिळतात का?

उत्तर : मोठ्यांपेक्षा बरेच जास्त. बाळाच्या जठरात ॲसिड आणि पेप्सिन कमी असतं, स्वादुपिंडाचे पाचकरसही पुरते तयार नसतात, आणि दुधातच ट्रिप्सिनला अडवणारे घटक असतात. मुंबईच्या सायन रुग्णालयात 1989 मध्ये सुरू झालेल्या दुग्धपेढीसारख्या ठिकाणचं दान केलेलं दूध 62.5 अंश सेल्सियसवर 30 मिनिटं तापवतात. त्यात ईजीएफ बराचसा टिकतो, पण चरबी पचवणारं लायपेज नष्ट होतं. म्हणून आईला दूध येत असेल तर तिचं ताजं दूध आधी, पेढीचं नंतर.