इंजिनाला बांधलं की ताकद थांबत नाही, ती वाट बदलते

दारव्ह्याकडच्या एका विद्यार्थी मित्रानं दोन प्रश्न विचारलेत. पहिला: फॉर्म्युला वनमध्ये इंजिनांवर एवढी बंधनं कशाला? ज्याला जमेल त्याला ताकद वाढवू का देत नाहीत, आणि मध्येच इंजिनं ‘फ्रीझ’ का करतात, म्हणजे त्यांत सुधारणा करायला बंदी का घालतात? दुसरा: त्याच्या कॉलेजची टीम फॉर्म्युला स्टुडंट या विद्यार्थ्यांनी बांधलेल्या रेस गाड्यांच्या स्पर्धेसाठी ३७३ सीसीचं मोटरसायकलचं सिंगल सिलिंडर इंजिन लावून गाडी बांधतेय, तर कॉम्प्रेशन (पिस्टन आतलं मिश्रण किती दाबतो ते) वाढवावं का? दोन्हींचं मूळ एकच आहे, म्हणून एकत्रच लिहितो. थोडं लांबेल.

ताकद आणि टिकाऊपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं धरून बहुतेक चर्चा होते. माझ्या मते तिथेच गाडी चुकते. आपल्याकडचंच बघा. एप्रिल-मे महिन्यात काळ्या भारी जमिनीत पलटी नांगर लावला की ट्रॅक्टर दम टाकतो. मालक गॅरेजवर येऊन म्हणतो, “भाऊ, पंप जराक वाढवून द्या, वढतच नाई.” डिझेल पंपाचा स्क्रू थोडा फिरवला की ताकद खरोखर वाढते. पण सिलिंडरमध्ये येणारी हवा तेवढीच असते. जास्तीचं डिझेल धड जळत नाही, धूर काळा होतो, एक्झॉस्टची उष्णता चढते आणि बाहेर ४५ डिग्री असताना रेडिएटरकडे देण्यासारखं काही उरलेलं नसतं. असं हेड उघडलं की बघायला मिळतं: दोन सिलिंडरांच्या मधल्या अरुंद पट्टीवर गॅस्केट जळून काळं पडलेलं, आणि पाण्याच्या भोकापासून सिलिंडरपर्यंत गेलेली गंजाची बारीक रेघ. ताकद मिळाली होती, ती पुढच्या हंगामाच्या आयुष्यातून उचललेली होती.

फॉर्म्युला वनचे इंजिनिअर हाच व्यवहार करतात. फक्त किती ताकद घेतली तर इंजिन किती किलोमीटर जाईल, हे ते टेस्ट बेंचवर आधी काढून ठेवतात. नियम ठरवतात ते एवढंच, की हा व्यवहार कुठल्या चलनात करायचा.

१९८० च्या दशकात चलन होतं बूस्ट, म्हणजे टर्बोनं इंजिनात दाबून भरलेली हवा. बीएमडब्ल्यूचं दीड लिटरचं चार सिलिंडर टर्बो इंजिन रस्त्यावरच्या गाडीच्या ब्लॉकवर बांधलेलं होतं, आणि क्वालिफाइंगला (शर्यतीत कोण कुठून सुटणार ते ठरवणाऱ्या फेऱ्यांना) त्यातून १३०० हॉर्सपॉवरच्या वर ताकद निघत असल्याचे अंदाज आहेत. अंदाज म्हणायचं कारण, तेवढं मोजणारा डायनोच त्यांच्याकडे नव्हता. असं इंजिन काही फेऱ्या काढायचं आणि संपायचं. मग १९८७ साली बूस्टला ४ बारची मर्यादा आली, १९८८ साली ती २.५ बारवर आणली आणि टर्बो गाड्यांचं शर्यतीचं इंधन १९५ लिटरवरून १५० लिटर केलं. टर्बो मेला असं सगळ्यांना वाटलं. झालं काय? होंडाचं टर्बो इंजिन लावलेल्या मॅक्लारेननं त्या वर्षी १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या. बूस्ट कमी झाल्यावर थेंबाथेंबातून काम काढण्याची कसोटी लागली आणि होंडा त्यात सगळ्यांच्या पुढे होती. दबावानं ताकद मरत नाही, तिला दुसरी वाट शोधावी लागते, याचं याहून स्वच्छ उदाहरण माझ्याकडे नाही.

१९८९ ला टर्बो बंद झाले आणि चलन बदललं: आता आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे. टर्बो नसलेल्या इंजिनात ताकद वाढवायची तर ते जास्त वेळा फिरवायचं, दुसरा मोठा मार्ग नाही. स्टीलच्या व्हॉल्व्ह स्प्रिंगा त्या वेगाला साथ देत नाहीत, व्हॉल्व्ह बसायच्या आत पिस्टन वर येतो. रेनॉनं १९८६ मध्येच स्प्रिंगांऐवजी दाबाखालच्या वायूनं व्हॉल्व्ह मिटवायची पद्धत आणली होती, पुढे सगळे त्याच वाटेनं गेले. २००६ साली कॉसवर्थचं २.४ लिटरचं व्ही८ शर्यतीत २०,००० आरपीएमला पोचलं.

इथे एक गणित नीट समजून घ्या, तुमच्या गाडीलाही लागू आहे. पिस्टन वर थांबून परत खाली येताना कनेक्टिंग रॉडवर जो ओढ बसतो, तो आरपीएमच्या वर्गानं वाढतो. १८,००० वरून १९,००० म्हणजे वेग साडेपाच टक्के वाढला, पण रॉडवरचा आणि बेअरिंगवरचा तो भार ११ टक्क्यांहून जास्त वाढला. म्हणून २००७ ला १९,००० आणि २००९ ला १८,००० ची मर्यादा आली तेव्हा ती वरवर किरकोळ दिसली, तरी आयुष्याच्या हिशेबात मोठी होती. ती गरजेचीही होती. पूर्वी एका वीकेंडला हवी तेवढी इंजिनं वापरता यायची. २००४ पासून एका वीकेंडला एकच, २००५ ला दोन वीकेंडला एक, आणि २००९ पासून ड्रायव्हरला पूर्ण सीझनला आठच. त्यापेक्षा जास्त वापरलं की ग्रिडवर, म्हणजे सुरुवातीच्या रांगेत, मागे.

२००७ पासूनच व्ही८ इंजिनांचा विकास गोठवलाही होता. कारण खर्चाचं. मग इंजिन विभाग हातावर हात धरून बसले का? नाही. एक्झॉस्टचा गरम झोत गाडीच्या मागच्या डिफ्यूझरवर (तळाखालची हवा बाहेर काढणाऱ्या भागावर) सोडून गाडी जमिनीला दाबायची युक्ती निघाली, आणि ड्रायव्हरनं थ्रॉटल सोडला तरी झोत चालू राहावा म्हणून इग्निशन आणि थ्रॉटलचे मॅप (कॉम्प्युटरमधलं सेटिंग) बदलले गेले. २०१० आणि २०११ मध्ये याच्यावरून रान पेटलं. इंजिन गोठलेलं, पण त्याचं काम बदललं.

२०१४ साली आलेला नियम मला आजवरचा सगळ्यात शहाणा वाटतो. १.६ लिटरचं व्ही६ टर्बो हायब्रिड, आणि मर्यादा थेट इंधनाच्या धारेवर: तासाला १०० किलो, त्याहून जास्त नाही. ही धार १०,५०० आरपीएमला पूर्ण उघडायची. नियमानं १५,००० पर्यंत जायची मुभा होती, पण शर्यतीत इंजिनं १२,००० च्या आसपासच फिरायची. इंधन वाढत नसताना वेग वाढवला तर वाढतं ते फक्त घर्षण.

कागदावर मांडून बघा. पेट्रोलच्या एका किलोत साधारण ४४ मेगाज्यूल ऊर्जा. तासाला १०० किलो म्हणजे सुमारे १,२२० किलोवॅट उष्णता आत जाते. जुनं व्ही८ त्यातलं ३० टक्क्यांच्या आसपास कामाला लावायचं. मर्सिडीजनं २०१७ मध्ये डायनोवर ५० टक्क्यांचा टप्पा ओलांडल्याचं सांगितलं. निम्मं म्हणजे ६१० किलोवॅट, साधारण ८२० हॉर्सपॉवर. बॅटरीची वीज धरली की आकडा हजाराच्या घरात जातो. जे जळून वाया जात होतं तेच चाकावर आणलं, म्हणून इंजिनाला झळही कमी आणि ताकदही जास्त. मर्यादा अशी हवी.

पळवाटा इथेही निघाल्या. आपल्याकडे इंजिन ऑइल खायला लागलं की रिंगा गेल्या म्हणतात. तिथे ऑइल मुद्दाम ज्वलनात जाऊ दिलं जातंय असा संशय आला, कारण इंधनाच्या धारेवर मीटर होतं, ऑइलवर नव्हतं. एफआयएनं (शर्यतीचे नियम करणाऱ्या संस्थेनं) २०१८ ला १०० किलोमीटरला ०.६ लिटर आणि २०२० ला ०.३ लिटर अशी हद्द घातली. २०२० च्या इटालियन ग्रांप्रीपासून क्वालिफाइंग आणि शर्यतीला इंजिन एकाच मोडमध्ये चालवायचं बंधनही आलं, कारण दोन-चार फेऱ्यांपुरती ताकद उचलून पुन्हा जपून चालवायचा खेळ फार रंगला होता.

त्या काळातली चूक होती टोकन पद्धत. इंजिनाचा भाग सुधारायचा तर त्यासाठी टोकनं मोजायची. सगळ्या भागांना मिळून ६६ टोकनं, आणि २०१५ ला त्यातली ३२ खर्चायची परवानगी. होंडा त्याच वर्षी मॅक्लारेनसोबत परतली, मर्सिडीजपेक्षा एक वर्ष उशिरा. ताकदही नाही आणि टिकाऊपणाही नाही अशी अवस्था. बेल्जियमला मॅक्लारेनच्या दोन ड्रायव्हरांना मिळून शंभराहून जास्त जागा मागे जायचा दंड झाला, आणि ग्रिडवर गाड्या वीस. जो मागे आहे त्याचेच हात बांधणारा नियम कुणाचं भलं करणार? २०१७ ला टोकनं गेली. होंडानं पुढे २०१९ ला रेड बुलसोबत ऑस्ट्रियात शर्यत जिंकली आणि २०२१ ला रेड बुलचा ड्रायव्हर व्हर्स्टापेन त्यांच्याच इंजिनावर सीझनचा विजेता झाला. टोकनं राहिली असती तर हे घडलं नसतं असं माझं ठाम मत आहे.

२०२२ ला पुन्हा गोठवणी आली, २०२५ अखेरपर्यंत. होंडा निघून चालली होती आणि तिचं इंजिन रेड बुलला विकासाच्या खर्चाशिवाय चालवायचं होतं, हे त्यामागचं मोठं कारण. पण नियमात एक दार उघडं होतं: टिकाऊपणासाठी एफआयएची परवानगी घेऊन बदल करता येत होता, ताकदीसाठी नाही. मग हुशार माणूस काय करेल? गोठायच्या आधी ताकद पूर्ण घेऊन ठेवेल आणि तुटणं नंतर दुरुस्त करेल. फेरारीनं तेच केलं. २०२२ ला त्यांचा ड्रायव्हर लक्लेर्क स्पेन आणि बाकू, दोन्हीकडे पुढे असताना बाहेर पडला, आणि ऑस्ट्रियात त्यांच्याच दुसऱ्या ड्रायव्हरची, साइन्झची, गाडी पेटली. किंमत त्या वर्षी मोजली, ताकद चार वर्षांसाठी मिळाली. ती पैज मला चुकीची वाटत नाही. फक्त विजेतेपदाच्या शर्यतीत एक फुटलेलं इंजिन किती महाग पडतं ते त्या वेळी मर्सिडीजमध्ये असलेल्या हॅमिल्टनला विचारा: २०१६ ला मलेशियात आघाडीवर असताना त्याचं इंजिन गेलं आणि सीझनअखेर तो टीममधल्याच रोझबर्गच्या पाच गुणांनी मागे राहिला.

२०२६ च्या नियमांत मागे पडलेल्या कंपनीला जास्तीच्या सुधारणांची सोय ठेवली आहे आणि इंजिन कंपन्यांना खर्चाची कमाल मर्यादाही आहे. टोकनांपेक्षा ही दिशा बरी.

आता तुमची गाडी. कॉम्प्रेशनला हात लावू नका. तुमच्या इनटेकला (हवा आत घ्यायच्या वाटेला) नियमानं २० मिलिमीटरचा रिस्ट्रिक्टर, म्हणजे अरुंद गळा, लागतो. त्यातून हवा ध्वनीच्या वेगाला पोचली की अडते, आणि तो आकडा साधारण सेकंदाला ७४ ग्रॅम आहे. तुमचं इंजिन ९,००० आरपीएमला सेकंदाला ७५ वेळा श्वास घेतं, म्हणजे सरासरी ३२ ग्रॅमच्या आसपास. मग अडचण कुठे? सिंगल सिलिंडर चारपैकी एकाच स्ट्रोकला ओढतो. त्या क्षणी त्याची मागणी चौपट, १२० ग्रॅमच्या वर असते, आणि तिथे रिस्ट्रिक्टर गळा धरतो. म्हणून रिस्ट्रिक्टरनंतर पुरेसा मोठा प्लेनम, म्हणजे हवा साठवायचा डबा, द्या, म्हणजे उरलेल्या तीन स्ट्रोकमध्ये तो भरत राहील. तुमची हरवलेली ताकद तिथे आहे, हेडमध्ये नाही.

शिवाय तुमच्या स्पर्धेतली एंड्युरन्स (लांब पल्ल्याची फेरी) २२ किलोमीटरची असते, मध्ये ड्रायव्हर बदलतो आणि तापलेलं इंजिन पुन्हा स्टार्ट व्हावं लागतं. कॉम्प्रेशन वाढवलं की नेमका तिथे स्टार्टर अडतो. सगळ्यात जास्त गुण याच फेरीला आहेत.

आणि प्लेनमच्याही आधी संप (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) बघा. मोटरसायकल वळताना झुकते, त्यामुळे ऑइल तळाशीच राहतं. गाडीत इंजिन सरळ उभं असतं, लांब वळणावर ऑइल एका बाजूला चढतं, ऑइल ओढणारा पिकअप उघडा पडतो आणि पंप हवा ओढतो. दोन-तीन सेकंदांत बिग एंडचं (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाचं) बेअरिंग खराब व्हायला लागतं. संपमध्ये ऑइल एका बाजूला पळू न देणाऱ्या झडपेच्या बॅफल प्लेटा बसवा, ऑइल प्रेशरचा सेन्सर लावून आकडे नोंदवणाऱ्या लॉगरला जोडा, मोकळ्या मैदानात दोन्ही बाजूंना गोल फेऱ्या मारा आणि प्रेशर कुठल्या बाजूला पडतं ते बघा. लॉग निघाला की इथे टाका, पाहून सांगतो.