‘तुम्हीच सांगा ना वहिनी शेठना’: वाढत्या धंद्यात निरोप कुठे अडतो

‘माणसं वाढली, पण सांगितलेलं खाली पोचतच नाही. दहा वेळा सांगा, अकराव्या वेळी तीच चूक.’ फॅब्रिकेशनवाले, केटरिंगवाले, प्लंबिंग-वायरिंगचे ठेकेदार, कोणीही माझ्यासमोर सल्ल्यासाठी बसलं की पाचव्या मिनिटाला हे वाक्य येतं. पाठोपाठ प्रश्न येतो, ‘यांना कसं समजावायचं?’ माझ्या अनुभवात प्रश्नाची दिशाच उलटी असते. वरून खाली जाणारे निरोप बऱ्यापैकी पोचतात. खालून वर यायला हवं ते मात्र वाटेतच थांबतं. हे मला एका जोडप्याच्या प्रकरणात फार स्पष्ट दिसलं. दोघांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

नाशिकमध्ये इमारतींची प्लंबिंग आणि वायरिंगची कामं घेणारं हे घर. सुरुवातीला तिघंच होते. मालक स्वतः (कामावर सगळे त्यांना शेठ म्हणतात), एक मिस्त्री आणि घरून हिशेब बघणारी त्यांची बायको. पाथर्डी फाटा, गंगापूर रोड या भागांत स्कीमवर स्कीम उभ्या राहिल्या तशी कामं वाढली. आता 26 माणसं, दोन टेम्पो, एका वेळी सात-आठ साईट. माझ्याकडे आधी आल्या त्या वहिनी. कामावरचे सगळे त्यांना वहिनीच म्हणतात, मीही तेच म्हणते.

त्या धंद्यासाठी आल्याच नव्हत्या. रात्री झोप नाही, फोन वाजला की छातीत धडधड. डॉक्टरांनी तपासून सगळं ठीक असल्याचं सांगितलं होतं. बोलता बोलता त्यांचा फोन वाजला. अंबडच्या साईटवरून एक मुलगा विचारत होता की पंपाचा व्हॉल्व्ह आला का. वहिनींनी गोडाऊनला फोन लावला, गोडाऊनने ‘शेठना विचारा’ म्हटलं, वहिनींनी शेठना मेसेज टाकला आणि मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘दिवसभर हेच चालतं, मॅडम.’

मी त्यांना एक वही करायला सांगितली. आठवडाभर जो जो निरोप त्यांच्यामार्फत जाईल तो लिहायचा. कोणाचा, कोणासाठी, आणि तुमच्याकडे का आला. वही घेऊन आल्या तेव्हा तिसरा रकाना सगळ्यात बोलका होता. माल, वेळ, खर्ची (म्हणजे शनिवारी हातात मिळणारे पैसे), सुट्टी असे विषय वेगवेगळे, पण ‘तुमच्याकडे का’ याच्या पुढे पुन्हा पुन्हा तेच लिहिलेलं. ‘शेठ चिडतील म्हणून.’ ‘मोठ्या मिस्त्रींशी बोलत नाही म्हणून.’ ‘तुम्ही नीट सांगाल म्हणून.’

मरे बोवेन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने कुटुंबांचा अभ्यास करताना एक गोष्ट नेमकी हेरली होती. दोघांमध्ये ताण आला की ते तिसऱ्याला मध्ये ओढतात. त्या दोघांना तेवढ्यापुरतं हलकं वाटतं, पण मूळचा ताण सुटत नाही आणि तिसरा माणूस तो अंगावर वागवत बसतो. सासू-सून-नवरा हे आपल्याला पाठ असलेलं उदाहरण. कामाच्या ठिकाणीही हुबेहूब तेच होतं, फक्त तिथे आपण त्याला ‘सगळं सांभाळून घेतात’ असं कौतुकाने म्हणतो. वहिनींची धडधड त्या कौतुकातून आलेली होती. त्यात आकड्यांचाही खेळ आहे. तिघं असतात तेव्हा आपसांत बोलण्याच्या जोड्या 3. माणसं 26 झाली की त्या 325 होतात. तिघांत चालणारी पद्धत सव्वीस जणांत एकट्या बाईच्या फोनवरून कशी चालावी?

पुढच्या वेळी शेठ आले. मनाविरुद्ध आले होते, ते दिसत होतं. ‘माझा फोन चोवीस तास चालू असतो. प्रत्येक साईटचा ग्रुप आहे. सगळं टाकतो मी त्यावर.’ मी ग्रुप दाखवायला सांगितला. सकाळी सहा ते आठ या वेळात त्यांचे लांबच लांब व्हॉइस मेसेज, एकेक तीन-चार मिनिटांचा. खाली अंगठ्यांची रांग. ‘अंगठा आला म्हणजे कळलं,’ ते म्हणाले. शेजारी ब्रेकर चालू असताना हेल्पर तो मेसेज किती ऐकत असेल? आणि त्यातला निम्मा स्टाफ बिहार, उत्तर प्रदेशातून आलेला. मिस्त्री मराठीत बोलतात ते त्यांना कामापुरतं कळतं, पण ‘उजव्या बाजूची झिरी चार इंच खाली घ्या आणि मिक्सरचा पॉइंट आहे तिथेच राहू द्या’ हे एका दमात ऐकून डोक्यात राहणं कठीण आहे. अंगठा म्हणजे मेसेज उघडला, इतकंच.

मग त्यांनी त्यांच्या मनातला खरा सल सांगितला.

एका फ्लॅटच्या बाथरूममध्ये कन्सील, म्हणजे भिंतीच्या आतून जाणारी पाइपलाइन झाली होती. टाइल्स लावायच्या आधी हातपंपाने लाइनमध्ये दाब भरतात आणि गेज लावून रात्रभर ठेवतात. संध्याकाळी काटा सातवर होता. सकाळी हेल्पर पहिला पोचला तर काटा साडेतीनवर. थंडीने दाब थोडाफार उतरतो, इतका नाही. कुठेतरी जोड सुटलेला होता. हेल्परला वाटलं मिस्त्रींनी बघितलं असेल. मिस्त्रींनी बघितलं आणि धरून चालले की पंपाच्या व्हॉल्व्हमधूनच दाब निसटतोय, परत भरू. तेवढ्यात नऊ वाजता टाइल्सवाला माणसं घेऊन आला आणि काम सुरू केलं. महिन्याभराने खालच्या फ्लॅटच्या छताला ओल आली. टाइल्स फोडल्या, त्या लॉटच्या परत मिळाल्या नाहीत, अख्खी भिंत नवीन करून द्यावी लागली.

‘दोघांनी काटा बघितला, मॅडम. डोळ्यांनी बघितला. एकाने तरी फोन करायचा!’

मी त्यांना विचारलं, याच्या आधी कोणी असा फोन केला होता तेव्हा काय झालं होतं? बराच वेळ ते गप्प होते. उत्तर वहिनींनी दिलं. दिवाळीच्या आधी त्याच हेल्परने एका साईटवर बेसिनला तडा गेल्याचं सांगितलं होतं. त्याच्या हातून गेला नव्हता, खोक्यातूनच तसं आलं होतं. शेठनी ग्रुपवर, सगळ्यांसमोर, ‘डोळे घरी ठेवून येतो का’ असं सुनावलं आणि शनिवारच्या खर्चीतून पैसे कापले.

माझ्या दृष्टीने सगळं प्रकरण इथे आहे. तो मुलगा निष्काळजी नव्हता. सांगितलं की पैसे जातात, हा धडा तो व्यवस्थित शिकला होता, आणि गेजसमोर उभा असताना त्याने तोच वापरला. कायद्याची बाजूही शेठना सांगितली. नुकसानीपोटी पगार कापायचा तर चूक त्या माणसाच्या निष्काळजीपणाची असली पाहिजे आणि आधी त्याला बाजू मांडायची संधी दिली पाहिजे, ही अट 1936 च्या वेतन प्रदान कायद्यापासून आहे. पण कायद्यापेक्षाही त्यांना हिशेब पटला. बेसिनचे कापलेले पैसे आणि भिंतीचा खर्च त्यांनी स्वतःच कागदावर शेजारी शेजारी मांडले.

तेव्हा पहिला बदल खर्चीत झाला. ज्या दिवशी काही फुटलं, बिघडलं त्याच दिवशी सांगितलं तर पैसे कापायचे नाहीत. लपवलं आणि नंतर निघालं, तर बसून विचारायचं. हे शेठनी गोडाऊनवर सगळ्यांना उभं करून स्वतः सांगितलं, मराठीत आणि हिंदीत, आणि त्या मुलाचे बेसिनचे पैसे तिथेच परत केले.

दुसरी गोष्ट सुचवली ती थोरल्या मिस्त्रींनी, पहिल्या दिवसापासून असलेल्या. मी एकदा त्यांनाही बोलावलं होतं. ‘सांगितलेलं ऐकणाऱ्याने उलट बोलून दाखवायचं’ हे मी समजावत होते. ते लगेच म्हणाले, ‘म्हणजे आमच्या वडलांचं गेटचं काम.’ वडील निफाडकडे रेल्वे फाटकावर गेटमन होते. स्टेशन मास्तरांचा फोन आला की फाटक बंद करायचं आणि मग आपल्याकडच्या यादीतला प्रायव्हेट नंबर, म्हणजे खुणेचा आकडा, मास्तरांना सांगायचा. दोन्हीकडे तो लिहून ठेवायचा. नुसतं ‘हो, केलं’ म्हटलेलं चालत नाही. ‘नंबर दिल्याशिवाय मास्तर गाडी सोडणार नाही,’ मिस्त्री म्हणाले. त्यांच्या आवाजात वडलांचा अभिमान होता, आणि ही पद्धत त्या क्षणापासून त्यांची झाली. मी सांगितली असती तर ती मॅडमची राहिली असती.

मग प्रत्येक साईटला कार्बनची डुप्लिकेट वही आली. पॉइंट हलला, माप बदललं, फ्लॅटमालक काही वेगळं म्हणाले, की ज्याने ऐकलं तो करणाऱ्याला सांगणार, करणारा आपल्या शब्दांत परत बोलून दाखवणार, मग वहीत दोन ओळी आणि जमलं तर भिंतीचं चित्र. चित्राने भाषेची अडचण बरीच गेली. दाबाच्या चाचणीसाठी वेगळं पान ठरलं. संध्याकाळचा आकडा, सकाळचा आकडा, बघणाऱ्याची सही. ती दोन आकड्यांची ओळ पूर्ण नसेल तर टाइल्सवाल्याला हात लावू द्यायचा नाही, आणि त्याला थांबवायचा अधिकार हेल्परलासुद्धा. हे शेवटचं कबूल करायला शेठना फार जड गेलं.

सकाळी टेम्पो भरताना दहा मिनिटं उभ्याने बोलणं सुरू झालं. त्यात प्रश्न एकच, काल कुठे अडलं? शेठनी सगळ्यात शेवटी बोलायचं. मालक आधी बोलला की बाकीच्यांचं अडलेलं आपोआप सुटतं, निदान तोंडावर तरी.

रागाचं काय, हे उरलंच. ते वहीने जात नाही. आमच्या बैठकीत मी हेल्पर झाले आणि त्यांना वाईट बातमी सांगितली. प्रत्येक वेळी त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य यायचं, ‘मग तू काय करत होतास?’ मी त्यांना राग गिळायला सांगितलं नाही, तो गिळला जात नाही. फक्त पहिलं वाक्य बदलू या म्हटलं. पहिलं वाक्य कामाचं हवं, माणसाविषयीचं नको. ‘कुठे? आता काय स्थिती आहे?’ चूक कोणाची, हे संध्याकाळी, बाजूला घेऊन. हे आम्ही पुन्हा पुन्हा केलं, अगदी कंटाळा येईपर्यंत. काही दिवसांनी खरा फोन आला. ड्रिल मारताना एका मुलाने भिंतीतली वायर कापली होती. वहिनी गाडीत शेजारीच होत्या. त्यांनी सांगितलं, ‘यांचा चेहरा लाल झाला, पण तोंडातून आलं, मेन बंद केलास का? कोणाला लागलं नाही ना?’

पहिल्या दोन महिन्यांत शेठ एकदा वैतागून आले. ‘आधी बरं होतं. आता रोज काहीतरी फुटतंय!’ मी त्यांना एमी एडमंडसन यांचं काम सांगितलं. या अमेरिकन संशोधक 1990 च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका तपासत होत्या. चांगल्या टीममध्ये चुका कमी सापडतील असा त्यांचा अंदाज होता, निघालं उलटंच. चांगल्या टीममध्ये नोंदी जास्त होत्या, कारण तिथली माणसं चुका झाकत नव्हती, त्यांच्याविषयी बोलत होती. शेठनी वह्या चाळल्या. नोंदलेल्या गोष्टींपैकी बहुतेक टाइल्सच्या आधी, प्लास्टरच्या आधी सापडलेल्या होत्या. मग ते शांत झाले.

वहिनींचं काम वेगळं होतं. एकाने दुसऱ्याविषयी सांगायला फोन केला तर त्यांनी म्हणायचं, ‘हे तुम्ही त्यांनाच सांगा. हवं तर मी सोबत थांबते.’ ऐकायला सोपं वाटतं, पण सगळ्यांना आपली गरज असणं हे त्यांना आवडतही होतं, आणि ते सोडताना त्या माझ्यासमोर रडल्या. आता त्या हिशेब आणि बिलं बघतात, रात्री नऊनंतर फोन दुसऱ्या खोलीत असतो. झोप पूर्ण परतलेली नाही, धडधड गेली आहे.

सगळं जुळलेलं नाही. वायरिंगचे मिस्त्री आणि प्लंबिंगचे मिस्त्री यांचं जुनं बिनसलेलं आहे. भिंतीत पाइप आणि वायर शेजारून जायची असते तिथे अजून अडतं, त्या दोघांना पुढच्या महिन्यात एकत्र बसवायचं आहे. पुतण्या इंजिनिअर आहे, तो कामाचं अ‍ॅप घेऊ या म्हणतो. शेठनी मला विचारलं. मी म्हटलं, घ्या. पण आधी एक महिना बघा, वाईट बातमी घटनेनंतर किती तासांनी तुमच्यापर्यंत येते. ती त्याच दिवशी येत असेल तर अ‍ॅप उपयोगी पडेल. येत नसेल तर तिथेही अंगठेच जमतील.