राज्य करायचं की राज्य घ्यायचं?

प्रश्न असा आहे: "साहेबांच्या निवृत्तीच्या कार्यक्रमासाठी भाषण लिहितोय. 'साहेबांनी आयुष्य हा एक खेळ मानला, ते खऱ्या खिलाडीप्रमाणे जगले आणि त्यांनी आयुष्यावर राज्य केलं' असं वाक्य आहे. इथे खिलाडी चालेल, की खेळकर किंवा खिलाडू हवं?"

खिलाडी चालणार नाही. तो हिंदी शब्द आहे, आपला शब्द खेळाडू. क्रिकेटच्या मराठी समालोचनात 'पारी' आणि 'खिलाडी' ऐकून कान किटले आहेत. डाव हा शब्द काय कुणी गहाण ठेवला आहे?

खेळकर हा स्वभाव आहे. जन्मात बॅट हातात न धरलेले आजोबा खेळकर असू शकतात. खिलाडू मात्र हरल्यावरच कळतो. जिंकलेल्याला खिलाडू म्हणण्यात काही अर्थ नाही. काही शुद्धिवादी मंडळी खिलाडूलाही हिंदी म्हणून हाकलायला निघतात. त्यांना माझं सांगणं, या अर्थाचा दुसरा एकशब्दी पर्याय आधी आणा, मग हाकला. तुमचे साहेब सगळ्यांशी हसूनखेळून वागत असतील तर खेळकर लिहा, बढती हुकल्यावर ती ज्याला मिळाली त्याला पहिला पेढा त्यांनी भरवला असेल तर खिलाडू लिहा. 'आयुष्य एक गेम आहे' असं मात्र कुठे घुसडू नका. मुंबईच्या बोलीत 'गेम करणे' म्हणजे माणूस संपवणे.

आता तुमच्या वाक्याच्या शेपटाकडे येतो, कारण मला खरा राग त्याचाच आहे. 'आयुष्यावर राज्य करा.' फलकांवर हेच, व्याख्यानांत हेच, शाळेच्या स्नेहसंमेलनातही हेच. एकाच वाक्यात आयुष्याला खेळ म्हणायचं आणि लगेच त्यावर राज्य करायचं, हे ज्याला सुचतं तो लहानपणी लपाछपी खेळलेला नसावा. खेळात राज्य कुणी करत नाही. खेळात राज्य येतं.

'वर' या शब्दयोगी अव्ययाकडे नीट बघा. राजा प्रजेवर राज्य करतो, तिथे 'वर'च्या खाली प्रजा असते. मुलगा म्हणतो "माझ्यावर राज्य आलं", तिथे 'वर'च्या खाली तो स्वतः असतो. मराठीत माणसावर काय काय येतं? जबाबदारी येते, पाळी येते, आळ येतो, संकट येतं. या पंगतीत पोरांनी राज्याला पाट मांडून दिला! आणि राज्य ठरवण्याची रीत आठवा. सगळे गोल करून चकतात, हात उलटे-सुलटे पडतात, ज्याचा हात वेगळा पडला तो सुटला. तुरुंगातून, दुखण्यातून, परीक्षेतून माणूस सुटतो, तसा राज्यातून सुटतो. सगळे सुटले की जो उरतो त्याच्यावर राज्य.

इतकं मोठं नाव इतक्या नकोशा कामाला कसं पडलं? याचं नेहमीचं उत्तर असं की तो उपरोध आहे, हरलेल्याला चिडवण्यासाठी राजा म्हणतात. भाषाशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एका प्राध्यापकांनी मला हेच ऐकवलं होतं, वर "यात शोधण्यासारखं काही नाही" असा शेराही मारला. मला हे अजिबात मान्य नाही. पोरं चिडवतात तेव्हा उघड चिडवतात, त्यासाठी त्यांच्याकडे 'चिडका बिब्बा' आहे, 'रडीचा डाव खडी' आहे. नियमाचे शब्द ती उपरोधाने वापरत नाहीत. "राज्य कुणावर?" हा प्रश्न पोरं ज्या गांभीर्याने विचारतात ते कुठल्याही न्यायालयात शोभेल.

माझा तर्क वेगळा आहे आणि तो शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथाच्या पाचव्या कांडातून येतो. तिथे राजसूय यज्ञाचं, म्हणजे राजाच्या अभिषेकाच्या यज्ञाचं वर्णन आहे. राजाला अभिषेक होतो. मग अध्वर्यू, म्हणजे यज्ञाची कृती करणारा पुरोहित, त्याच्या हातावर पाच फासे ठेवतो. म्हणजे नव्या राजाच्या हातात येतो तो खेळ! आणि लगेच पुढे काय होतं पाहा. ऋत्विज, म्हणजे यज्ञातले पुरोहित, मागून येतात आणि राजाच्या पाठीवर दंडांनी मारतात. मूळ शब्द आहे तूष्णीम्, म्हणजे काही न बोलता, गुपचूप. यामुळे राजा दंडाच्या पलीकडे जातो, अदंड्य होतो, असं कारण ग्रंथातच दिलं आहे.

आता लपाछपी आठवा. राज्य असलेला मुलगा शोधत पुढे सरकतो, लपलेला गडी मागून पाय न वाजवता येतो आणि पाठीत घालतो, "धप्पा!" राज्य, पाठीमागून येणं, आवाज न करणं, पाठीवर पडणं, आणि हे सगळं खेळाच्या रिंगणात. शतपथातही हेच चार घटक आहेत. धप्पा बसला की राज्य पुन्हा त्याच्याच डोक्यावर, म्हणजे मार खाऊन राज्य पक्कं होतं. राजसूयातही मार खाऊनच ते पक्कं होतं. मोठ्यांचे विधी विस्मरणात जातात आणि पोरांच्या अंगणात उरतात, असं मी मानतो. उपरोधवाल्यांनी या चार घटकांपैकी एकाचा तरी उलगडा करून दाखवावा.

फाशांची गोष्ट इथे संपत नाही. कृत, त्रेता, द्वापर, कली ही नावं आपण युगांची म्हणून पाठ करतो, पण ती मुळात फाशांच्या दानांची आहेत. कृत चाराचं, सर्वांत भारी; कली एकाचं, सर्वांत हलकं. ऐतरेय ब्राह्मण या दुसऱ्या वैदिक ग्रंथात हरिश्चंद्राचा मुलगा रोहित रानात भटकत असतो, दरवर्षी घराकडे वळतो आणि इंद्र ब्राह्मणाच्या वेषात येऊन त्याला पुन्हा चालायला लावतो. त्यातला एक श्लोक असा:

कलिः शयानो भवति संजिहानस्तु द्वापरः।
उत्तिष्ठंस्त्रेता भवति कृतं संपद्यते चरन्॥

झोपलेला तो कली, जागा होऊ लागलेला द्वापर, उठून उभा राहिलेला त्रेता आणि चालू लागला की कृत. जुने भाष्यकार आणि त्यांच्यामागून बहुतेक प्रवचनकार इथे युगं घेतात. मग अर्थ उरतो तो एवढाच, की आळशी माणूस कलियुगासारखा. त्यात जीव नाही. दानं घेऊन वाचा म्हणजे श्लोक उड्या मारू लागतो. पडून राहिलास तर एकाचं दान, चालू लागलास तर चाराचं. इथे दान आधी पडत नाही, पाऊल आधी पडतं. आणि ही कथा सांगायची कधी? त्याच राजसूयात, अभिषेक झालेल्या राजाला. राज्य घेतलेल्या माणसाला सांगतात, चाल.

याला आणखी एक धागा जुळतो. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, खेल् या धातूचा अर्थ दिला आहे 'चलने'. मजा, करमणूक, स्पर्धा यातलं काही नाही, नुसतं हलणं. मराठीने हा अर्थ अजून जपला आहे. घरात हवा खेळती असते. शेतकरी वाफ्यांतून पाणी खेळवतो. दुकानदाराला खेळतं भांडवल लागतं, आणि ते अडकलं की धंदा बसतो. म्हणून आयुष्य खेळासारखं जगणं याचा अर्थ ते हलकं घेणं असा मी करत नाही, ते अडकू न देणं असा करतो. ज्यांना खेळ म्हटलं की टवाळी आठवते त्यांनी एकदा पाटाच्या पाण्यामागे फावडं घेऊन चालणाऱ्या माणसाला बघावं. एक वाफा भरला की बांध फोडायचा, दुसरीकडे घालायचा, पाणी थांबू द्यायचं नाही. (एक सावधगिरी: 'आयुष्याशी खेळणे' लिहू नका. 'शी' लागला की तो घात होतो. जिवाशी खेळ, भावनांशी खेळ, पोरांच्या भवितव्याशी खेळ.)

गेल्या महिन्यातली गोष्ट सांगतो. आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये संध्याकाळी डबा ऐसपैस चालू होता. या खेळातलं राज्य सगळ्यांत वाईट. गडीही शोधायचे आणि डबाही राखायचा. एक मुलगा पाठोपाठ तिसऱ्यांदा अडकला होता. रडकुंडीला आला, मग "आई बोलावतेय" म्हणाला. आईने बोलावलं नव्हतं, मी गॅलरीत उभा होतो. खेळ मोडणार असं दिसलं. तेवढ्यात त्यांच्यातली सगळ्यांत धाकटी पुढे आली. ती एवढी लहान की तिला लिंबूटिंबूच धरलं होतं, तिच्यावर राज्य येण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणाली, "मी घेते राज्य." कुणी चकलं नाही, कुणी वाद घातला नाही. तिने डबा उचलला, फ्रॉकला पुसला, खडूच्या वर्तुळात बरोबर मधोमध ठेवला आणि डोळे मिटून मोठ्याने आकडे म्हणायला लागली. मधले दोन-तीन आकडे गाळले तरी कुणी हटकलं नाही. सगळे पळत सुटले, तो रडका मुलगासुद्धा.

'राज्य घेणे' हा वाक्प्रचार मी कितीदा ऐकला असेन, पण त्यातलं 'घेणे' मला त्या संध्याकाळी ऐकू आलं. राज्य येतं तेव्हा ते नशिबाचं असतं, दान जसं पडेल तसं. राज्य घेतो तेव्हा चकण्याची गरजच उरत नाही. हिंमत, धडाडी, जोखीम हे शब्द आपण भाषणांत रोज झिजवतो आणि हा वाक्प्रचार पार्किंगमध्ये सोडून येतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तर तुमचं वाक्य. साहेबांबद्दल मला माहिती नाही, पण कचेरीत कुणी हात न लावलेलं एखादं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं असेल, तर त्याचं नाव घ्या आणि पुढे लिहा, 'आम्ही सगळे चकत होतो, तेव्हा साहेब म्हणाले, मी राज्य घेतो.' सभागृहातल्या प्रत्येकाला कळेल. असं काम त्यांनी घेतलंच नसेल तर नुसतं खेळकर लिहा.

आणि वाचणाऱ्यांना एक विनंती. तुमच्या गावात, तुमच्या लहानपणी या राज्याला दुसरा कुठला शब्द असेल, तर खेळाच्या नावासह आणि गावाच्या नावासह कळवा. कुणावर 'येतो', कुणी 'घेतो', कुणी 'देतो', ते क्रियापद विसरू नका, मला तेच हवं आहे.