बाबांना पकडू नकोस

प्रिय मुली,

तुझं पत्र मिळालं. डब्याच्या पिशवीत पोळ्यांच्या फडक्याखाली सापडलेल्या विटकरी गोळ्या टीबीच्याच आहेत, तुझा अंदाज बरोबर. संडासात दिसणारा लघवीचा केशरी रंग रिफॅम्पिसिन नावाच्या औषधाचा असतो. ते रक्त नव्हे, तेवढी धास्ती सोड.

नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या कंपनीतलं काम दिवाळीआधीच सुटलं, तरी बाबा रोज सातला डबा घेऊन निघतात आणि दुपारी शुक्रवारी नावाच्या तलावावर बसलेले दिसतात. "बाबा आमच्याशी इतकं खोटं कसं बोलू शकतात?" असं तू विचारलंस. बोलतात खरं. पण ते कोणाला वाचवायला बोलतात, ते बघ. सरकारी दवाखान्यात औषधांच्या खिडकीमागे माझं आयुष्य गेलं. तिथे असे बाप फार पाहिले. गोळ्या पट्टीतून सोडवायच्या, खर्र्याच्या, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या, रिकाम्या पन्नीत बांधायच्या आणि खिशात टाकायच्या. खोकला आला की "खर्र्यानं होते" म्हणायचं. पत्ता मुद्दाम चुकीचा लिहायचा, कारण दवाखान्याचं माणूस घरी चौकशीला आलं तर शेजारी बघतील. खिडकीत वाकून हळूच म्हणायचे, "म्याडम, पोरगी लग्नाची हाये, कोनाले सांगू नका." तेव्हा तुझ्या बाबांच्या लपवण्यात तूही कुठेतरी आहेस, हे लक्षात घे. म्हणून ते बरोबर ठरत नाही, पण त्यांच्याशी बोलताना तुझा आवाज तरी चढणार नाही.

काम गेलं तेव्हा घरात सांगायची हिंमत झाली नाही. मग खोकला सुरू झाला आणि तो सांगायचा तर रजा, पगार, कंपनी असे प्रश्न येणार. एक लपवलं म्हणून दुसरं लपवावं लागलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पैशाच्या बाबतीत ठीक आहे, टीबीत ती मूठ उघडावीच लागते. तो हवेतून पसरतो आणि तुमच्या दोन खोल्यांत तुझा धाकटा भाऊ त्यांच्याच शेजारी झोपतो. घरातल्या सगळ्यांची तपासणी व्हायला हवी, गरज असेल त्याला प्रतिबंधक औषधही मिळतं. दोन्ही फुकट.

आता बोलायचं कसं. पट्टी हातात घेऊन सगळ्यांसमोर जाब विचारू नकोस. पाठलाग करून तलावावर तर मुळीच गाठू नकोस. मामांना मध्ये घालायचा विचार असेल तर तोही सोड. बापमाणूस समोरासमोर बसवलं की गप्प होतो. भाजी आणायला गाडीवर मागे बसून जा, नजरेला नजर नसते तेव्हा पुरुषांना बोलणं सोपं जातं. आणि पहिला प्रश्न नोकरीचा नको. एवढंच विचार: "बाबा, त्या गोळ्यांनी मळमळतं का?" तुला माहीत आहे हे त्यांना कळेल, तू चिडलेली नाहीस हेही कळेल, आणि उत्तर देता येईल असा हा प्रश्न आहे. त्या दिवशी ते चिडले किंवा "कोणत्या गोळ्या?" म्हणाले तर वाद घालू नकोस, दुसऱ्या दिवशी पुन्हा विचार. नोकरीचं ते स्वतःच काढतील. आईला त्यांनीच सांगू दे, पण भावाच्या तपासणीमुळे फार दिवस थांबता येणार नाही, हे स्पष्ट बोल.

मला खरी काळजी वेगळीच आहे. साध्या टीबीचा कोर्स सहसा सहा महिन्यांचा असतो. महिना-दोन महिन्यांत भूक लागते, वजन वाढतं, आणि चोरून औषध घेणारा माणूस तिथेच थांबतो. अर्धवट सोडलं की औषधाला दाद न देणारा टीबी होऊ शकतो, त्याचे हाल वेगळेच. घरात माहीत असेल तर गोळी चुकली का हे विचारणारं कोणीतरी असतं. आईला एवढं सांग की ताट-वाटी वेगळी काढायची नाही, त्याने काही साधत नाही आणि माणूस मनातून उतरतो. औषध नियमित सुरू झालं की साधारण दोन आठवड्यांत संसर्गाचा धोका बराच उतरतो.

पैशाचं: टीबीच्या रुग्णांच्या आहारासाठी असलेल्या सरकारी निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत महिन्याला 1000 रुपये खात्यात येतात, नोव्हेंबर 2024 च्या आधी 500 होते. बाबांनी बँकेचा मेसेज घरात कोणी वाचेल म्हणून खातंच दिलं नसेल, विचारून बघ. त्यांच्या पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार विम्याची वर्गणी, कापली जात असेल तर कार्ड नोकरीबरोबर लगेच मरत नाही. एप्रिल ते सप्टेंबरमध्ये किमान 78 दिवसांची वर्गणी भरली असेल तर त्यावर पुढच्या जानेवारी ते जूनपर्यंत उपचार मिळतात. फार कामगारांना हे ठाऊकच नसतं आणि ते खाजगीत पैसे घालवतात.

कॉलेज सोडून मॉलमध्ये लागायचा तुझा बेत मला पटला नाही. ज्या माणसाने तुझी फी थांबू नये म्हणून उन्हात दिवस काढले, त्याला ही शिक्षाच होईल. संध्याकाळच्या शिकवण्या घे हवं तर.

एक गोष्ट मात्र हलक्यात घेऊ नकोस. "मी नसलो तर तुमचं सुटेल" असं काही ते बोलले, तर एकटं सोडू नकोस. टेलि-मानसचा 14416 रात्री-अपरात्रीही लागतो, फुकट आहे आणि मराठीत बोलतात. लगेच मलाही फोन कर.

ते तयार झाले की मेडिकल कॉलेजच्या सरकारी दवाखान्यात मी सोबत येते. मेयो हा दुसरा सरकारी दवाखाना जवळ पडत असेल तर तिथे जाऊ. ओपीडी सकाळची असते, आधार, बँकेचं पासबुक आणि ईएसआयचं कार्ड घेऊन ये. आणि सेमिस्टरची फी भरायची शेवटची तारीख कोणती, ते कळव.

तुझी मावशी